काचेवर उतरलेली गादी

एकोणिसाव्या शतकातल्या एखाद्या संस्थानिकाचे छायाचित्र हाती आले की आपली नजर आधी चेहऱ्याकडे जाते, मग मोत्यांच्या कंठ्यांकडे आणि मग तलवारीच्या मुठीकडे. हे पुस्तक उघडणाऱ्यांना माझी विनंती आहे की नजर आधी खाली न्यावी. राजा कशावर बसला आहे आणि त्याच्या पायांत काय आहे, ते पाहावे. आपल्याकडे राजाची बैठक म्हणजे गादी, लोड आणि तक्क्या. खुर्ची बाहेरून आली आणि तिच्याबरोबर भांडणेही आली. हैदराबादच्या दरबारात १८६९पर्यंत इंग्रज रेसिडेंट जोडे उतरवून खाली बसत असे. त्या वर्षी अवघ्या अडीच वर्षांच्या मीर महबूब अली खानाला मसनदीवर बसवण्यात आले. तोच मोका साधून रेसिडेंटने जोड्यांसकट येण्याचा आणि खुर्चीवर बसण्याचा हट्ट पुरा करून घेतला. गादीवर तान्हे मूल असताना नाही म्हणणार कोण? हे ठाऊक असले की त्यानंतरच्या हैदराबादी छायाचित्रांतली खुर्ची नुसती खुर्ची राहत नाही.

या सगळ्या छायाचित्रांकडे मी असाच पाहत आलो आहे. राजाराणी दिसायला कशी होती हे त्यांतून कळते, पण ती कशी दिसू इच्छीत होती, आणि तशी दिसण्याची मुभा त्यांना कोण किती देत होते, हे त्याहून जास्त कळते. १८५८नंतर देशी संस्थानिकांना आपापसांत तह करता येईना, फौज वाढवता येईना, आणि गादीचा वारसही कलकत्त्याच्या मंजुरीवाचून पक्का होईना. हातात राहिला तो मानमरातब: कोणाला किती तोफांची सलामी, दरबारात कोण कोणाच्या उजवीकडे, कोणाला घ्यायला व्हाइसरॉय किती पावले पुढे येणार. एकोणिसाव्या शतकात कायम २१ तोफांचा मान हैदराबाद, म्हैसूर आणि बडोदे या तीनच संस्थानांना होता, आणि एक तोफ वाढावी म्हणून वर्षानुवर्षे अर्ज चालत. कॅमेरा नेमका याच काळात आला. ज्यांच्याजवळ सत्तेचा फक्त देखावा उरला होता, त्यांना देखावा टिकवून ठेवणारे यंत्र मिळाले. त्याचा उपयोग त्यांनी किती जाणतेपणाने करून घेतला, हेच या पानांतून पाहायचे आहे.

आपल्याकडे राजाचे चित्र नवे नव्हते. मोगल आणि राजपूत लघुचित्रांतला राजा बहुधा एका बाजूने दिसतो. चेहरा आडवा, डोळा मात्र पुरा. तो बघणाऱ्याकडे पाहत नाही, बघणाऱ्याने त्याच्याकडे पाहायचे असते. पेशवाईच्या उत्तरकाळात जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला. रेसिडेंट चार्ल्स मॅलेटच्या आश्रयाने त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांची तैलचित्रे काढली. शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली, तिथे गंगाराम तांबटासारखा कारागीर तयार झाला. म्हणजे समोरून, छायाप्रकाशात, विलायती रीतीने आपला चेहरा उतरवून घेणे मराठी दरबाराला छायाचित्राच्या चाळीसेक वर्षे आधीपासून ठाऊक होते.

पॅरिसला लुई दागेरची कृती १८३९मध्ये जाहीर झाली. मुंबईला फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४मध्ये स्थापन झाली, कलकत्ता आणि मद्रासच्या दोन वर्षे आधी. तिच्या कामात इंग्रज अधिकाऱ्यांच्या बरोबरीने डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते, आणि त्यांनी टिपलेली छायाचित्रे प्रदर्शनांत लागत. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचे वर्ग भरू लागले. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. धंदा म्हणून छायाचित्रण करणाऱ्या पहिल्या काही हिंदी माणसांत त्यांची गणना होते. मुंबईच्या या पिढीवर मराठीत स्वतंत्र ग्रंथ व्हायला हवा. इथे फक्त इतके ध्यानात ठेवावे की कॅमेरा संस्थानांच्या राजधान्यांत पोहोचला तेव्हा तो चालवणारे सगळेच गोरे नव्हते.

आता थोडे यंत्राविषयी, कारण त्यावाचून चित्रे चुकीची वाचली जातात. १८५१मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने शोधलेली ओल्या काचेची पद्धत पुढची तीसेक वर्षे चालली. स्वच्छ काचेवर कॉलोडियन नावाचा चिकट द्राव एकसारखा ओतायचा, अंधारात ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, झाकण काढून सेकंद मोजायचे, आणि द्राव सुकण्याच्या आत परत अंधारात नेऊन चित्र उमटवायचे. विलायतेत या सगळ्याला दहाएक मिनिटे मिळत. माळव्याच्या किंवा दख्खनच्या उन्हाळ्यात तेवढीही मिळत नसत. तंबूतल्या अंधारात भट्टीसारखी धग, ईथरचा वास, उडणारी धूळ आणि पाण्याचा तुटवडा. काच जेवढी मोठी तेवढे चित्र मोठे, कारण कागद काचेला भिडवून उन्हात ठेवूनच प्रत निघे. कागदावर अंड्यातल्या पांढऱ्या बलकाचा थर असे. त्या काळच्या चित्रांना येणारी चमक त्याची आणि पुढे चढणारा पिवळेपणाही बराचसा त्याचाच.

बसणाऱ्याला कित्येक सेकंद निश्चल राहावे लागे. मान हलू नये म्हणून मागून लोखंडी आधार लावत. चौरंगी मेजावर टेकलेला हात, तलवारीवर दाबलेली मूठ, खुर्चीची पाठ धरून उभे राहणे, यांतली निम्मी ऐट राजाची आणि निम्मी गरज काचेची. त्या काळच्या छायाचित्रांत कोणी हसत का नाही, याचेही उत्तर काही अंशी इथेच आहे. बाकीचे उत्तर रिवाजात आहे: दरबारात हसरा चेहरा राजाचा मानला जात नसे.

पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट रंगांची. ही काच निळ्या प्रकाशाला फार हळवी आणि लाल-पिवळ्याला जवळपास आंधळी होती. त्यामुळे लाल शिंदेशाही पगडी काळी दिसते. कुंकू डांबराच्या ठिपक्यासारखे उठते. सोन्याची जर झळकण्याऐवजी मंद पडते. निळा शालू मात्र पांढुरका होतो. आपल्या त्वचेचा रंगही असावा त्याहून गडद उतरतो. १८६१मध्ये राणी व्हिक्टोरियाने स्टार ऑफ इंडिया हा किताब सुरू केला. त्याचा झगा फिकट निळ्या साटिनचा, आणि छायाचित्रांत तो बहुधा पांढराच दिसतो. म्हणजे विलायतेहून आलेला झगा उजळून निघाला आणि घरची पगडी काळवंडली. हा कोणाचा कावा नव्हता, रसायनाचा गुण होता. तरी ही चित्रे पाहताना मनातल्या मनात रंग परत भरून घ्यावे लागतात. राजवाड्यांतल्या चितारींनी तेच काम हाताने केले, त्याविषयी पुढे.

भोपाळची सिकंदर बेगम ही या पुस्तकातली माझी सर्वांत आवडती व्यक्ती. १८६१-६२मध्ये जेम्स वॉटरहाउस या तरुण तोफखाना अधिकाऱ्याला मध्य हिंदुस्थानातल्या जातीजमातींची छायाचित्रे काढण्याच्या सरकारी कामावर पाठवले होते. सरकारला हव्या होत्या 'नमुन्याच्या' तसबिरी. त्यांतून पुढे १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा ग्रंथ निघाला. त्यात माणसे जातींच्या नावाखाली मांडलेली आहेत. वॉटरहाउसला ठिकठिकाणी माणसे समोर बसवण्यासाठी झगडावे लागले. भोपाळला मात्र चित्र पालटले. सिकंदर बेगम पडदा पाळत नसे. घोड्यावर बसे, कारभार स्वतः पाही, आणि १८६१मध्येच तिला स्टार ऑफ इंडिया मिळालेला होता. तिने या उपक्रमात भलताच रस घेतला. स्वतः बसली, मुलगी शाहजहान बेगम बसली, घरातल्या स्त्रियांना निरनिराळे पोशाख घालून बसवले.

क्षणभर या प्रसंगाचा विचार करावा. सरकारचा माणूस नमुने गोळा करायला येतो आणि जिच्या राज्यात येतो ती बाई नमुने कोणते असावेत हे स्वतः ठरवते. सिकंदर बेगमेच्या छायाचित्रांत ती खुर्चीत सैल बसलेली नाही. पाठ ताठ, खांदे रुंद, छातीवर किताबाचा तारा. अंगावरचे कापड बोजड दिसते, पण ती त्याखाली दबलेली दिसत नाही. जातीजमातींच्या त्या ग्रंथात तिची तसबीर आहे खरी, पण पाहणाऱ्याला कळतेच की ही कोणाचा नमुना नाही. पुढच्याच वर्षी ती हजला निघाली आणि त्या प्रवासाचे वर्णन तिने लिहून ठेवले. आपल्याविषयी काय नोंदले जावे याची जाण तिला कॅमेऱ्यासमोर होती, तशीच लेखणी हातात असतानाही होती.

जयपूरला तर कॅमेरा राजाच्याच हातात गेला. सवाई रामसिंह दुसरे १८३५ ते १८८० गादीवर होते. ते एका युरोपीय छायाचित्रकाराकडून ही कला शिकले, वाड्यात छायाचित्रांचा स्वतंत्र कारखाना उभारला आणि बेंगाल फोटोग्राफिक सोसायटीचे सभासद झाले. त्यांच्या काचा आजही जयपूरच्या सिटी पॅलेसमधल्या संग्रहालयात शेकड्यांनी जपलेल्या आहेत. स्वतःची चित्रे त्यांनी नाना रूपांत काढली. त्यांतल्या एकात ते शिवभक्त म्हणून बसले आहेत: कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, गळ्यात रुद्राक्ष, भोवती पूजेची उपकरणी. दुसऱ्या एखाद्या काचेत तोच माणूस दरबारी थाटात दिसतो. इंग्रजांना हवा असलेला 'सुधारलेला राजा' त्यांना साधत होताच. त्यांनी शहरात गॅसचे दिवे आणले, शाळा काढल्या. आणि तरी कॅमेऱ्यासमोर बसताना भस्म लावून बसण्यात त्यांना काही वावगे वाटले नाही. ही दोन रूपे त्यांच्या मनात एकमेकांशी भांडत नव्हती. भांडण असलेच तर ते पाहणाऱ्याच्या मनात आहे.

रामसिंहांच्या काचांमधली खरी नवलाई म्हणजे जनान्यातल्या स्त्रियांची छायाचित्रे. ज्या स्त्रियांना परपुरुषाने पाहायचे नव्हते, त्या इथे रंगवलेल्या विलायती देखाव्यापुढे, गालिच्यावर, खुर्चीत बसून थेट भिंगाकडे पाहत आहेत. पडदा तसा मोडलेला नाही, कारण कॅमेऱ्यामागे त्यांचा धनीच होता. त्या काळी हिंदी जनान्याविषयी युरोपीय चित्रकार काय काय कल्पना करून रंगवीत! लोळणाऱ्या, अर्धवस्त्र, आळसावलेल्या बायका. या काचांतल्या स्त्रिया नीट नेसलेल्या आहेत, सावध आहेत, काही जणी संकोचलेल्या आणि काही चक्क कंटाळलेल्या आहेत. एकीच्या कपाळावर आठी आहे असे मला नेहमी वाटते. ऊन डोळ्यांवर येत असेल किंवा इतका वेळ बसवून ठेवल्याचा राग असेल. यांतल्या बहुतेकींची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. राजाच्या प्रत्येक पागोट्याची नोंद आहे, या बायकांची नाही. हे दुःख या विषयात पावलोपावली भेटते.

लखनौकडे धावती नजर टाकतो. १८५७च्या आधी तिथे अहमद अली खान छायाचित्रे काढत होते. पुढे तिथले म्युनिसिपल इंजिनीयर दारोगा अब्बास अली यांनी १८८०मध्ये अवधच्या राजे-तालुकदारांचा सचित्र ग्रंथ काढला, त्यात तीनशेवर तसबिरी आहेत. एकाच मापाच्या चौकटी, प्रत्येकाखाली घराण्याची हकीकत. बंडात ज्यांच्या गढ्या पाडल्या गेल्या, तोफा काढून घेतल्या गेल्या, त्या जमीनदारांची ही इंग्रजी अमलाखालची नवी हजेरीच म्हणायची.

आता मराठी घराकडे येतो. १८७५मध्ये मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले आणि महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या गोपाळराव या बारा वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले. हेच सयाजीराव तिसरे. दोन वर्षांच्या आत, १ जानेवारी १८७७ रोजी, व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने दिल्लीला भरवलेल्या दरबारात हा मुलगा २१ तोफांच्या मानाचा महाराजा म्हणून हजर होता. त्या दरबाराची छायाचित्रे बोर्न अँड शेफर्ड या कंपनीने काढली, आणि सरकारी वृत्तांताच्या ग्रंथात ती समाविष्ट झाली. प्रमुख संस्थानिकांना विलायती पद्धतीची राजचिन्हे असलेले रेशमी ध्वज देण्यात आले. पिढ्यान्‌पिढ्या जरीपटका वागवणाऱ्या घराण्यांना त्यांची निशाणी काय असावी हे एका इंग्रज अधिकाऱ्याने आखून दिले. व्हॅल प्रिन्सेप या चित्रकाराला दरबाराचे भव्य चित्र काढायचे होते, म्हणून तो पुढे संस्थानोसंस्थानी फिरून राजांना समोर बसवत राहिला.

त्या काळातली बाल सयाजीरावांची छायाचित्रे पाहताना माझ्या डोळ्यांत दागिने भरत नाहीत. मला दिसते ते बालपण. काही काळापूर्वी गावात गुरांमागे जाणारे पोर, मग मोडी-इंग्रजीचे धडे, शिष्टाचाराचे धडे, आणि मग कॅमेऱ्यापुढे 'महाराज' होऊन बसणे. त्यांनी ते शिकून घेतले आणि नंतर आपल्या मर्जीप्रमाणे वापरलेही. १८९०मध्ये त्यांनी बडोद्यात कलाभवन काढले. तिथे चित्रकलेबरोबर छायाचित्रणही शिकवले जाई, आणि तिथल्याच शिक्षणावर पुढे चित्रपटकार झालेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी गोध्र्याला फोटोचा स्टुडिओ टाकला. भारतीय सिनेमाचा एक धागा असा संस्थानी छायाचित्रणातून निघतो.

१८७७च्या त्या दरबाराविषयी एक गोष्ट न लिहिणे मला पाप वाटेल. दिल्लीत मेजवान्या चालल्या होत्या तेव्हा दख्खन आणि मद्रास इलाखा भीषण दुष्काळात होरपळत होता. सोलापूर, विजापूर, अहमदनगरकडची माणसे गाव सोडून चालली होती. राजांच्या तसबिरींत त्याची खूण नाही, असणारही नाही. पण ही चित्रे पाहणाऱ्याने ते वर्ष विसरू नये.

या साऱ्या कथेतला सर्वांत मोठा कलावंत लाला दीनदयाळ. मीरतजवळच्या सरधन्याला १८४४मध्ये जन्म, रुडकीच्या थॉमसन कॉलेजात इंजिनीयरिंगचे शिक्षण, आणि १८६६पासून इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी. नकाशे काढणारा हा कारकुनी पेशाचा माणूस १८७४च्या सुमारास छायाचित्रणाकडे वळला. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी त्याला उत्तेजन दिले. मध्य हिंदुस्थानचा एजंट सर हेन्री डॅली याने ओळखी करून दिल्या, आणि १८७५-७६मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स आला तेव्हा दीनदयाळांना त्याची छायाचित्रे काढायला मिळाली. १८८२मध्ये डॅलीनंतरचा एजंट सर लेपेल ग्रिफिन याच्याबरोबर बुंदेलखंडचा दौरा झाला, त्यातून १८८६मध्ये मध्य हिंदुस्थानातल्या वास्तूंचा ग्रंथ निघाला. त्याच सुमारास नोकरी सोडून त्यांनी सिकंदराबादला स्टुडिओ उघडला, आणि सहावा निजाम महबूब अली खान त्यांचा आश्रयदाता झाला. निजामाने त्यांना 'राजा' आणि 'मुसव्विर जंग' हे किताब दिले. १८९६मध्ये मुंबईत मोठा स्टुडिओ आला, आणि १८९७मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या छायाचित्रकाराचा मान मिळाला.

दीनदयाळांच्या चित्रांत नकाशेकाराचा हात दिसतो. माणूस आणि खोली यांचे माप त्यांना अचूक साधते. बहुतेक युरोपीय छायाचित्रकार राजाला रंगवलेल्या पडद्यापुढे आणून बसवत, तर दीनदयाळ अनेकदा कॅमेराच राजाच्या महालात नेतात. मग झुंबर, खांब, गालिचा, आरसे हे सगळे राजाच्या बाजूने साक्षीला उभे राहतात. घोळक्याची छायाचित्रे तर त्यांनीच काढावीत. शिकारीनंतरची मंडळी, मधे पडलेला वाघ, निजाम आणि त्याचे उमराव, बाजूला हाकारे. वीस-तीस माणसांत प्रत्येकाची जागा मानाप्रमाणे पक्की, आणि तरी चित्र कवायतीसारखे वाटत नाही. कोणी किंचित वळलेला, कोणी पाय दुमडून बसलेला. दरबारात कोण कुठे बसतो हे त्यांना आतून ठाऊक होते. परक्याला ते विचारून घ्यावे लागे.

१८९२मध्ये दीनदयाळांनी हैदराबादेत खास गोषातल्या स्त्रियांसाठी स्टुडिओ काढला. उंच भिंतींचे आवार, आत पुरुषाला मज्जाव, आणि कॅमेऱ्यामागे केनी-लेविक नावाची एक इंग्रज बाई. आपल्या मराठा सरदार घराण्यांतही गोषा कडक होता, त्यामुळे ही सोय किती मोलाची होती हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. मेण्यातून यायचे, उंच भिंतीआड उतरायचे, आणि आयुष्यात प्रथमच स्वतःचा चेहरा कागदावर पाहायचा. जयपूरच्या स्त्रिया धन्याच्या इच्छेने भिंगापुढे बसल्या. इथे येणाऱ्या निदान दुसऱ्या एका स्त्रीपुढे बसत. हा फरक मला फार मोठा वाटतो.

दीनदयाळांना राणीचा मान मिळाला त्याच १८९७ साली, २ जुलैच्या रात्री लंडनला डेव्हनशायर हाउसमध्ये राणीच्या राज्यारोहणाच्या साठाव्या वर्षानिमित्त वेषांतराचा नृत्यसमारंभ झाला. सातशेवर पाहुणे जमले होते. यजमानीण डचेस पाल्मायराची राणी झेनोबिया झाली, कोणी क्लिओपात्रा, कोणी पौर्वात्य सुलतान. बागेत लाफायेत कंपनीने तंबू ठोकला होता आणि तिथे रात्रीच्या रात्री पाहुण्यांची छायाचित्रे निघत होती. इंग्रज उमराव मोत्यांचे शिरपेच भाड्याने आणून, शिवून, एका रात्रीपुरते पौर्वात्य राजे झाले. आपल्याकडचे राजे त्याच सुमारास इंग्रजी पद्धतीचे कोट आणि किताबांचे झगे घालून कॅमेऱ्यापुढे बसत होते. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की राजेपणात पोशाखाचा वाटा किती, ते दोन्हीकडे सारखेच उघड होते. फरक एवढाच की लंडनच्या उमरावाला दुसऱ्या दिवशी सकाळी आपला पोशाख परत निवडता येत होता.

राजवाड्यांतल्या चितारींची हकीकत राहिली. कॅमेरा आला तेव्हा त्यांची भाकरी जाईल असे वाटले होते. घडले वेगळेच. छायाचित्राच्या प्रतीवर हे चितारी जाड रंग चढवू लागले. उदयपूर, नाथद्वाराकडे तर मूळ छायाचित्र जवळपास झाकून जाईपर्यंत. काळवंडलेली पगडी पुन्हा लाल झाली, मंद जर पुन्हा सोनेरी झाली, मोत्यांवर पांढऱ्या रंगाचे उठावदार ठिपके पडले. स्टुडिओतला बोडका पडदा पुसून मागे महिरप, बाग, आभाळ आले. पाश्चात्त्य समीक्षकांनी या रंगवलेल्या प्रतींना बराच काळ बाळबोध म्हणून बाजूला ठेवले. मला ते मत मुळीच मान्य नाही. ज्या यंत्राला लाल रंग दिसत नव्हता, त्याची चूक या कारागिरांनी दुरुस्त केली.

दीनदयाळांच्याच नावावर आणखी एक काम आहे, ते थाटाच्या चित्रांखाली झाकले जाते. १८९९-१९०० या दुष्काळी वर्षांत निजामाच्या राज्यात जी मदतकामे चालली, त्यांची छायाचित्रे त्यांच्या स्टुडिओने काढली. त्यांत आपल्या औरंगाबादची आहेत. नुसत्या लंगोट्या आणि डोक्याला गुंडाळलेली मुंडाशी, बरगड्या मोजता येतील अशी माणसे रांगेत उभी. हेतू सरकारच्या कामाची नोंद ठेवण्याचा होता. पण ज्या हातांनी निजामाच्या अंगरख्याची चुणी न चुणी टिपली, त्याच हातांनी या बरगड्याही तेवढ्याच स्वच्छपणे टिपल्या आहेत. दीनदयाळ १९०५मध्ये वारले. त्यांच्या २,८५७ काचा १९८९मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. पुण्यात जन्मलेले नाट्यदिग्दर्शक इब्राहिम अल्काझी यांनी आयुष्यभर जमवलेल्या संग्रहाने तर या विषयाच्या अभ्यासाला पायाच घालून दिला.

मोठ्या संस्थांकडे गेले ते वाचले. पण महाराष्ट्रातल्या आणि मराठी माळव्यातल्या जहागीरदार, इनामदार, मानकऱ्यांच्या वाड्यांत अजूनही अशा तसबिरी भिंतींवर आणि पेट्यांत आहेत. कित्येक ओलीने, वाळवीने गेल्या. वाटण्या झाल्या की चांदीची चौकट एकाकडे जाते आणि आतला कागद रद्दीत. तुमच्या घरी असे काही असेल तर ते उन्हात ठेवू नका, प्लॅस्टिकमध्ये बंद करू नका, जुन्या पुठ्ठ्यावरून सोलून काढू नका, कारण स्टुडिओचे नाव आणि गाव बहुधा त्याच पुठ्ठ्यावर असते. काचा असतील तर त्या आडव्या रचू नका, कडेवर उभ्या ठेवा. आणि घरातल्या थोरल्या माणसाला समोर बसवून विचारा की यात कोण कोण आहे. मधल्या सरदाराचे नाव बहुतेक सगळ्यांना ठाऊक असेल. मागे चवरी घेऊन उभा असलेला, हुक्का धरलेला, मुलाला कडेवर घेतलेली दाई, कोपऱ्यात पदर सावरून बसलेली बाई, यांचीही नावे विचारा, आणि मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने, कागद न दाबता, लिहून ठेवा.